दाखव म्हणायची वेळ

बाबांचा हात पानं टाकायला निघालेला होता. एवढं तिने नक्की पाहिलं होतं. दोन्ही पानं बोटांत पालथी धरलेली, मनगट टेबलाच्या मध्याकडे वळलेलं, म्हणजे या डावातून ते बाहेर पडणार हे उघड होतं. समोर दादाने मूठभर गुंड्या पुढे सरकवल्या होत्या, त्यात आईच्या कोटाच्या मोठ्या काळ्या गुंड्याही होत्या, आणि त्यांच्या घरात काळी गुंडी दहांची मानतात. वहिनींनी पानं केव्हाच टाकली होती. तिनेही टाकली होती. ती नेहमीच टाकते, कुणी जरा दमात गुंड्या सरकवल्या की तिला वाटतं असेल बाबा याच्याकडे काहीतरी, आपण कशाला. तर दादाने हातातली पानं तोंडासमोर पंख्यासारखी धरली, वहिनींच्या कानाशी झुकला आणि पुटपुटला, "काही नाहीये माझ्याकडे. बघ आता म्हातारा कसा पळतो ते." बाबांच्या या घरात दर शनिवारी सगळे जमतात आणि तीन वर्षं असंच चालतं. बाबांसमोर काहीही बोलावं, अगदी आपल्या हातातली पानंसुद्धा सांगावीत, आणि त्यात लबाडी आहे असं कुणाला वाटत नाही, कारण बाबांना ऐकू येत नाही. बाबा तेव्हा दादाकडे बघतही नव्हते. ते खिडकीकडे बघत होते. आणि त्यांचं मनगट थांबलं. फार नाही, अर्धा सेकंद. मग पानं परत छातीशी आली, डाव्या हाताने त्यांनी तेवढ्याच गुंड्या पुढे लोटल्या आणि आपल्या त्या एकसुरी, मोठ्या आवाजात ते म्हणाले, "दाखव."

दादाकडे राणी आणि छक्की होती, म्हणजे काहीच नव्हतं. बाबांकडे दोन अठ्ठ्या. दादा हसला, "म्हाताऱ्याचं नशीब," म्हणाला, वहिनी चहा टाकायला उठल्या, आणि तिच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. कारण अर्धा सेकंद म्हणजे काय हे या घरात फक्त तिला कळत होतं. सव्वीस वर्षं ती तेच मोजत आली आहे. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर कान तपासायची खोली आहे, खोलीच्या आत काचेची दुसरी खोली, तिच्या भिंतींना स्पंजासारखं काहीतरी लावलेलं. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. आवाज ऐकू आला की दाबा. बाहेरून ती एकेक सूर सोडते आणि आतलं बटण दाबलं गेलं की तिच्यासमोर दिवा लागतो. सूर आणि दिवा यांच्यामध्ये जे जातं, ते तिचं आयुष्य. खरोखर न ऐकणाऱ्याचं न ऐकणं कसं असतं ते तिला ठाऊक आहे, ते गुळगुळीत असतं, त्याला काठ नसतो. ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्याच्या अंगात मात्र काहीतरी थांबतं. पापणी, श्वास, अंगठा. बाबांचं मनगट थांबलं होतं.

आणि बाबांचे कान तिनेच तपासले होते. तिच्या सहीचा कागद त्या घराच्या कपाटात होता.

त्या संध्याकाळी बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि मनातल्या मनात भांडू लागली. आधी स्वतःशीच, कारण दुसरं कोण होतं. आई गेल्यानंतर तीन महिन्यांनी बाबांनी उत्तरं देणं बंद केलं. हाक मारली तरी बघायचे नाहीत. दादा म्हणाला, कान गेले असणार, आयुष्यभर त्या छपाईच्या यंत्रांपाशी उभे राहिलेत, जायचेच. तिलाही ते पटलं. चाळीस वर्षं वर्तमानपत्राच्या छापखान्यात, यंत्राच्या इतकं जवळ की घरी आल्यावर जेवतानाही ते ओरडून बोलायचे आणि आई हाताने खाली-खाली अशी खूण करायची. गोष्ट अगदी जुळत होती. म्हणून तिने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, सूर सोडले आणि दिवा फार कमी वेळा लागला, अगदी मोठ्या सुरांना तेवढा. तिने आलेख काढला, खाली सही केली, आणि जी गोष्ट ती इतर प्रत्येकाच्या बाबतीत करते ती केली नाही. सोंग तपासायच्या दोन-तीन युक्त्या असतात. नुकसानभरपाई मागायला आलेल्यांना, बदली टाळायला आलेल्यांना ती त्या लावतेच लावते. कचेरीतला एक कारकून आला होता, टेलिफोनच्या टेबलावरून सुटका हवी म्हणून बहिरा झालेला. त्याला तिने पाच मिनिटांत पकडलं होतं आणि अहवालात स्पष्ट लिहिलं होतं. जाताना त्याने तिच्याकडे असं बघितलं की जसं काही तीच खोटं बोलली होती. तो किस्सा तिने शनिवारी याच टेबलावर रंगवून सांगितला होता आणि सगळ्यांत मोठ्याने बाबाच हसले होते. तेव्हा आई होती. तेव्हा बाबांना ऐकू येत होतं. पण वडिलांना त्या युक्त्या लावायच्या म्हणजे काय, त्यांना तोंडावर खोटारडे म्हणायचं? तिने लावल्या नाहीत. नवीन लागलेल्या मुलींना ती पहिल्या दिवशी सांगते की समोर कोण आहे ते बघू नका, कान बघा. आणि स्वतः बघितले ते बाबा.

मग राग बाबांकडे वळला आणि तिथेच राहिला. तीन वर्षं. तीन वर्षं दर शनिवारी दोन बस बदलून ती तिथे जाते, त्यांच्या कानाशी ओरडते, घसा बसेपर्यंत ओरडते, रविवारी गरम पाण्याच्या गुळण्या करते. औषध घेतलं का. खिडकी लावू का. काय दुखतंय. आणि ते तळहात कानामागे धरून म्हणतात, काय? ती पुन्हा ओरडते. शेजारी काय म्हणत असतील. एकदा तर ओरडता ओरडता तिला रडू फुटलं होतं आणि तरी ते, काय, असंच म्हणाले होते. तेव्हा त्यांना ऐकू येत होतं? आणि त्यांच्यासमोर आपण काय काय बोललो, या विचाराशी ती आली आणि तिचे कान तापले. आई शेवटी आजारी असताना ते दवाखान्यात दहा मिनिटांवर थांबत नसत, हे ती वहिनींना बाबांच्याच खुर्चीच्या पाठीला टेकून सांगत होती. इतकी वर्षं साठलेलं होतं, आणि माणूस समोर असताना त्याच्याविषयी बोलायला मिळणं यात एक सुख असतं, ते तिने भरपूर घेतलं होतं. आता ते सगळं सुख उलटून अंगावर आलं. चोरून ऐकणं म्हणतात याला. दाराआडून ऐकणारा निदान दाराआड तरी लपतो. हे खुर्चीत बसून, चहा पीत, बिस्किट बुडवून खात ऐकत होते.

पोकर त्यांनीच शिकवला होता दोघा भावंडांना. आईच्या शिवणाच्या डब्यातल्या गुंड्या घेऊन, कारण पैशाने खेळलेलं आईला चालायचं नाही. प्रत्येकाला दोन पानं पालथी, मध्ये पाच पानं एकेक करून उघडी, आणि प्रत्येक उघड्या पानानंतर गुंड्या सरकवायच्या, नाहीतर पानं टाकून गप्प बसायचं. हातात काही नसताना गुंड्या सरकवतो त्याला त्यांच्या घरात हूल म्हणत. आणि हूल ओळखायची कशी, तर बाबा तिला सांगायचे, "ठमे, तोंडाकडे बघू नकोस. तोंड सगळेच सांभाळतात. समोरचा गोष्ट सांगतोय असं समज. पहिल्या पानाला तो काय म्हणाला, तिसऱ्याला काय म्हणाला, शेवटच्याला काय म्हणाला, ती सगळी एकच गोष्ट आहे का ते बघ. मधेच कुठे सांधा निखळला असेल तर दाखव म्हण. आणि म्हणायच्या आधी एवढं ठरव, की चुकलीस तर काय जाईल." तिला हे सगळं पाठ होतं आणि तिने आयुष्यात दाखव जवळजवळ कधीच म्हटलं नव्हतं. दादा म्हणायचा, हिला घाबरवायला दोन गुंड्या पुरतात. पुढे नवऱ्यानेही तिला हेच ऐकवलं होतं, वेगळा होताना, की तुला सगळं माहीत होतं, तू कधी विचारलं नाहीस. ते खरं होतं. तिला यंत्र लागतं. यंत्र मध्ये असलं की तिला कुणाचीही भीती वाटत नाही.

रविवारभर ती घरात होती. कपडे भिजवले, वाळत घातले, आणि बाबांची गोष्ट पहिल्या पानापासून लावून बघितली. यंत्रांपाशी कान गेले, हे जुळत होतं. थोडेफार गेलेही असणार, चिरके सूर नक्कीच, म्हणून तर ती फसली. निम्मी खरी हूल पकडता येत नाही. आई गेल्यावर भेटायला येणारी माणसं, त्यांचं ते, धीर धरा, तिच्या मनात तुम्हीच होता, वगैरे. माणूस बहिरा झाला की लोक दोन वाक्यं ओरडतात, दमतात आणि निघून जातात. हेही जुळत होतं, आणि एकदा बहिरे म्हटल्यावर मागे कसं फिरणार, पहिल्या पानाला गुंड्या सरकवल्या की पुढच्या प्रत्येक पानाला सरकवाव्याच लागतात. इथपर्यंत ठीक. सांधा निखळत होता तो शेवटाला. दोन वर्षं दादा एका वृद्धनिवासासाठी त्यांच्या मागे लागला होता. गावाबाहेर, मोठ्या आवाराचं, म्हाताऱ्या माणसांची सोय बघणारं ठिकाण. तिथे भेटायचा दिवस महिन्यातून एकदा, कारण रोज रोज माणसं आली की राहणाऱ्यांची घडी विस्कटते म्हणे. बाबा ठाम नाही म्हणत होते. हे घर सोडणार नाही, माझं मी बघतो. आणि गेल्या महिन्यात अचानक, कुणी विषयही काढलेला नसताना, ते म्हणाले, "परवा दाराची घंटा वाजली ती मला कळली नाही. गॅस सुरू राहिला होता. एकट्याला जमत नाही आता. ते निवासाचं बघा." दादाने आठवड्याच्या आत अर्ज आणला. अर्जाला कानाचा नवा अहवाल जोडायचा होता. "तूच करतेस म्हणजे रांग लावायला नको," दादा म्हणाला. सोमवारी सकाळची वेळ तिनेच लिहून दिली होती. मग आता हा माणूस हूल देतोय ती कशासाठी? स्वतःच्या घरातून बाहेर पडण्यासाठी? हातात चांगली पानं असताना हरायला हूल कोण देतं? हे जुळत नव्हतं. म्हणजे एक तर ते खरंच बहिरे होते आणि शनिवारचा अर्धा सेकंद म्हणजे नुसता म्हाताऱ्याचा विचार बदलला होता. तसं असेल आणि तिने सोंगाची तपासणी लावली, तर ऐंशी वर्षांच्या बापाला शेवटी शेवटी पोरीने चोर ठरवलं असं होईल. नाहीतर ते सोंगच होतं, आणि तपासणी न लावता अहवाल तसाच लिहिला, तर पुढच्या महिन्यात ते घर बंद. चुकलीस तर काय जाईल. दोन्हीकडून जात होतं. संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढून घड्या घालताना तिला वाटलं, मरू दे, सही करून मोकळं व्हावं, आपल्याला काय करायचंय. आणि तसं वाटल्याचाच तिला इतका राग आला की तिने त्या घड्या पुन्हा मोडून घातल्या.

सोमवारी दादा बाबांना घेऊन आला. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, दाढी केली होती. दादा बाहेर बाकावर बसला. तिने बाबांना काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, बाहेर आली. नेहमीचे सूर सोडले. दिवा लागला नाही, लागला नाही, मोठ्या सुराला एकदा लागला, अगदी तीन वर्षांपूर्वीसारखा. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. अंगठासुद्धा स्थिर होता. शिकलेत, असं तिच्या मनात आलं आणि लगेच, किंवा खरंच बहिरे आहेत. तिने आत जाऊन त्यांच्या हातातलं बटण काढून घेतलं आणि तिथे त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवलं. पहिल्या बातमीवर बोट ठेवून तोंडाची मोठी हालचाल करत ओरडली, "मोठ्याने वाचा. मी थांबा म्हणेपर्यंत." ही युक्ती तिने घरी कधी सांगितली नव्हती. किस्से सांगायची, पकडलं कसं ते सांगायची नाही. युक्ती साधी आहे. माणूस वाचत असताना हेडफोनमधून खरखर सोडायची, नळाला पाणी आल्यावर होते तशी, आणि हळूहळू वाढवत न्यायची. बहिऱ्याला ती पोचतच नाही, तो वाचतो तसाच वाचत राहतो. ऐकणाऱ्याचा आवाज मात्र त्याच्या नकळत चढतो. ते कुणाच्या हातात नसतं.

बाबांनी कागद आधी लांब धरला, छपाई बघितली, सवयीने एका कोपऱ्यावर अंगठा घासून शाई सुटते का बघितलं. मग वाचू लागले. नगरपालिकेच्या कुठल्याशा पुलाची बातमी होती. तो एकसुरी मोठा आवाज, तीन वर्षं ऐकलेला. बाहेर येऊन तिने हात खरखरीच्या बटणावर ठेवला आणि तिथेच ठेवून दिला. अजून पानं टाकता येत होती. बातमी अर्ध्यावर आली. पुलाचे खांब, पुलाचं उद्घाटन. मग तिने खरखर सोडली. थोडी. आणखी थोडी. आवाज आहे तिथेच होता, आणि तिला वाटलं, चुकलो आपण, बाबा मला माफ करा, आणि त्याच क्षणी पुलाच्या दुसऱ्या टोकाच्या रस्त्याच्या ओळीवर आवाज चढला. तिने वाढवलं. तो आणखी चढला. शब्द सुटे सुटे झाले, मान पुढे आली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. यंत्रावर उभा राहून पलीकडच्या माणसाला हाक मारणारा, कागद थांबव, शाई सोड म्हणणारा तो चाळिशीतला माणूस काचेच्या आत बसून पुलाची बातमी ओरडत होता. तिने खरखर एकदम बंद केली. पुढचं अर्धं वाक्य त्या ओरडीतच बाहेर पडलं, आणि शांततेत बाबांना आपला आवाज ऐकू आला. ते थांबले. कागद खाली आला. त्यांनी काचेतून तिच्याकडे बघितलं.

जिंकल्यासारखं काहीसुद्धा वाटलं नाही. नुसता संताप. ती उठून आत गेली, दार ओढायचंही तिला सुचलं नाही. त्यांच्याकडे पाठ करून, स्पंजाच्या भिंतीकडे बघत, शेजारच्या टेबलावरून टाचणी मागावी तितक्या हळू ती म्हणाली, "का?"

अजूनही ते काय म्हणून तळहात कानामागे धरू शकत होते. हेडफोन काढून ठेवल्याचा आवाज झाला. मग एक आवाज आला जो तिने तीन वर्षांत ऐकला नव्हता, खालचा, घरातला, आईने हाताने खाली-खाली केल्यावर यायचा तो.

"तू वहिनीला म्हणालीस ना. कंटाळा आलाय म्हणून."

तिला आठवलं. गेल्या महिन्यात, स्वयंपाकघराच्या दारात, बाबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले. मला कंटाळा आलाय हो वहिनी, मला एक शनिवार हवाय, नुसता पडून राहायला. दुसऱ्याच शनिवारी बाबांनी घंटेचं सांगितलं होतं, आणि परतीच्या बसमध्ये तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, त्याची लाज वाटून ती रडली होती. म्हणजे निखळलेला सांधा तिथे होता. आणि त्याबरोबर वर आलं ते दुसरंच काहीतरी, बारा वर्षांची असताना एकदा डाव जिंकून तिने बाबांनी टाकलेली पानं उलटून बघितली होती, तर दोन्ही राजे होते, आणि तिसरा मध्ये उघडा पडलेला. तिला जिंकू दिलं होतं. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. हरण्यापेक्षा ते वाईट होतं, कुणीतरी तुम्हाला न विचारता तुमच्या वतीने ठरवणं आणि वर तुम्ही आनंदात असावं अशी अपेक्षा करणं. आता तर पानांच्या जागी घर टाकून बसले होते, खांबासारखे मुकाट, आणि ती जन्मभर निश्चिंतपणे पडून राहणार होती, वडील स्वतःच जायला तयार झाले म्हणून.

ती वळली. "मी काय म्हणाले होते?"

"कंटाळा आलाय."

"पुढे काय म्हणाले होते?"

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून. "एक शनिवार हवाय म्हणालीस."

"एक," ती म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. "मग एक द्यायचा होता बाबा. सगळे कुणी मागितले होते तुमच्याकडे?"

बाबांची मान खाली होती. त्यांच्या मानेवर इस्त्रीच्या कॉलरची करकरीत रेघ उठली होती. बाहेर बाकावरून दादा, दार उघडं दिसल्यामुळे असेल, कुणाला त्रास होऊ नये अशा दबक्या आवाजात म्हणाला, "काय गं, झालं का?"

बाबांकडे बघत ती नुसती उभी राहिली. दाराकडे त्यांची पाठ होती. त्यांचे हात घडीवर थांबले, अर्धा सेकंद, एक सेकंद, मग त्यांनी तोंड अर्धवट दाराकडे वळवलं.

"थांब रे जरा," ते म्हणाले, "आम्ही बोलतोय."